छातीचे चित्र आणि रुग्णाचा श्वास : कोरोनाच्या न्यूमोनियाविषयी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद व विभागवार कार्यवृत्तान्त यांच्याबरोबरच एखाद्या आजाराविषयी सर्वसामान्य वाचकास समजेल अशी माहिती देण्याचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी कोरोना विषाणूमुळे होणारा न्यूमोनिया हा विषय निवडला आहे. या आजारात छातीच्या एक्स-रेत व स्कॅनमध्ये काय दिसते, रुग्णाच्या शरीरावर कोणती लक्षणे उमटतात आणि या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, एवढाच या लेखाचा आवाका आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आता हा विषय कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. कारणे दोन आहेत. २०२० व २०२१ या वर्षांतील स्कॅनच्या फिल्म प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक अद्यापि बाह्यरुग्ण विभागात येतात आणि ‘यातला डाग गेला असेल ना?’ असे विचारतात. दुसरे कारण देणगीदारांच्या पत्रांतून पुनःपुन्हा येणारा प्रश्न : दाभोळसारख्या ठिकाणी आपण सीटी स्कॅनचे यंत्र का घेत नाही? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. छातीचे चित्र नेमके काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे समजल्यावाचून कोणत्याच प्रश्नाचे उत्तर समाधानकारक होणार नाही.

आमचे स्वतःचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने लेखातील वैद्यकीय मजकूर आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घेतला आहे. मते मात्र प्रशासनाची आहेत.

फुप्फुसात काय घडते

आपल्या फुप्फुसांत सुमारे ३० कोटी वा त्याहून अधिक वायुकोश असतात. द्राक्षाच्या घडाची कल्पना करावी, पण प्रत्येक द्राक्ष डोळ्यांना न दिसण्याइतके लहान. या कोशांच्या भिंती अतिशय पातळ असून भिंतीच्या एका बाजूस हवा व दुसऱ्या बाजूस रक्त असते. हवेतील ऑक्सिजन भिंत ओलांडून रक्तात जातो व कार्बन डायऑक्साइड उलट दिशेने बाहेर पडतो. आपण ज्याला श्वास म्हणतो, त्याचा सारा हेतू या पातळ भिंतीपाशी साध्य होत असतो.

नेहमीच्या जिवाणूजन्य न्यूमोनियात बहुधा फुप्फुसाचा एखादा भाग पू व द्रवाने भरून जातो. रुग्णास थंडी वाजून ताप येतो, गढूळ कफ पडतो, एका कुशीत दुखते आणि डॉक्टरांना स्टेथोस्कोप लावताच त्या जागी फरक जाणवतो. कोरोनाच्या न्यूमोनियाची रीत निराळी. येथे सूज प्रथम कोशांच्या भिंतींत व आसपासच्या जाळीत येते, कोशांत थोडाथोडा द्रव झिरपू लागतो आणि हे एका जागी न होता दोन्ही फुप्फुसांत ठिकठिकाणी, विशेषतः कडेच्या, खालच्या व पाठीकडील भागांत होते. खोकला असतो, पण पुष्कळदा कोरडा. सुरुवातीस स्टेथोस्कोपला फारसे काही ऐकू येत नाही. पुढे खोल श्वास घेतल्यावर पाठीच्या खालच्या भागी बारीक चरचर ऐकू येते, केसांची बट कानाजवळ बोटांत चोळावी तशी.

याखेरीज या आजारात फुप्फुसातील लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते. म्हणजे कोशात हवा पोचली तरी पलीकडे रक्त नाही, अशी स्थिती काही भागांत निर्माण होते. ही गोष्ट साध्या एक्स-रेत दिसत नाही व साध्या स्कॅनमध्येही बहुधा दिसत नाही. त्यासाठी शिरेतून औषध देऊन निराळा स्कॅन काढावा लागतो. चित्र सौम्य आणि रुग्ण मात्र अत्यवस्थ, असे जे कधी कधी दिसते त्याचे हे एक कारण होय.

एक्स-रे आणि स्कॅन

विल्हेल्म रॉन्टगेन या जर्मन शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. सव्वाशे वर्षांनंतरही छातीचा एक्स-रे ही कोकणातील कोणत्याही लहान रुग्णालयाची मुख्य तपासणी आहे. तत्त्व साधे आहे. हवेतून किरण आरपार जातात, म्हणून निरोगी फुप्फुस फिल्मवर काळे दिसते. हाड किरण अडविते, म्हणून फासळ्या पांढऱ्या दिसतात. फुप्फुसात द्रव वा सूज आली की काळ्या जागी करडी किंवा पांढुरकी छटा उमटते. सर्वसामान्य माणूस त्यालाच ‘डाग’ म्हणतो.

एक्स-रेची मर्यादा अशी की छातीची संपूर्ण जाडी एकाच प्रतलावर उमटते. पुढील फासळ्या, हृदय, मागील फुप्फुस, पाठीचा कणा, सारे एकावर एक. हृदयाच्या मागे लपलेला लहानसा डाग सहज निसटतो. रुग्ण उभा असेल, श्वास पूर्ण आत घेऊन रोखत असेल, तर फिल्म चांगली येते. खाटेवर पडलेल्या, धाप लागलेल्या रुग्णास ‘श्वास धरा’ म्हणणे सोपे नसते. अशा फिल्ममध्ये हृदय आहे त्याहून मोठे भासते आणि फुप्फुसाचा तळ दबलेला दिसतो. आमचे तंत्रज्ञ प्रत्येक खाटेवरील फिल्मवर तसे लिहून ठेवतात ते याचसाठी.

सीटी स्कॅनमध्ये तीच छाती पावाच्या लादीसारखी बारीक कापांत पाहावयास मिळते. एका मिलिमीटरच्या आसपास जाडीचे काप असल्याने, एक्स-रेत न दिसणारी सूजही दिसते. कोरोनाच्या न्यूमोनियात दिसणाऱ्या पहिल्या छटेला वैद्यकात घासलेल्या काचेचे नाव दिलेले आहे. मराठीत आपण तिला दुधी काच म्हणू. न्हाणीघराच्या खिडकीला बसवितात त्या काचेतून पलीकडील माणूस पुसट दिसतो. तसेच येथे पांढुरक्या छटेआडून फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसत राहतात. आजार वाढला की या छटेत सुजलेल्या भिंतींचे जाळे उमटते आणि फरशीचे वेडेवाकडे तुकडे जोडून केलेल्या जमिनीसारखा आकार दिसतो. त्याहीपुढे तो भाग घट्ट व शुभ्र होतो आणि रक्तवाहिन्यांच्या रेषा त्यात बुडून जातात. बरे होताना कडेने पट्टे व रेषा राहतात, त्या हळूहळू विरतात.

जे दिसत नाही तेही निदानास उपयोगी असते. छातीत पाणी होणे, फुप्फुसात पोकळी पडणे, गाठी वाढणे या गोष्टी केवळ कोरोनाच्या न्यूमोनियात सहसा आढळत नाहीत. आढळल्या तर डॉक्टर दुसऱ्या आजाराचा विचार करतात. हा मुद्दा पुढे क्षयरोगाच्या संदर्भात पुन्हा येईल.

चित्राला दिवस असतो

कोणतेही चित्र पाहताना ते आजाराच्या कितव्या दिवशी काढले, हे ठाऊक असलेच पाहिजे. २०२० च्या आरंभी चीनमधील १२१ रुग्णांच्या स्कॅनचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत स्कॅन झालेल्या ३६ जणांपैकी २० जणांचा स्कॅन पूर्णतः निर्दोष होता. हाँगकाँगमधील ६४ रुग्णांच्या एक्स-रेंच्या अभ्यासात पहिल्या फिल्ममध्ये ६९ टक्के रुग्णांतच दोष दिसला आणि दोषाची तीव्रता लक्षणांच्या दहाव्या ते बाराव्या दिवशी सर्वाधिक आढळली. म्हणजे ताप आल्या दिवशी घाईने काढलेला स्वच्छ स्कॅन रुग्णास खोटा धीर देतो, तर दहाव्या दिवशीचा भरलेला स्कॅन, रुग्ण प्रत्यक्षात सावरत असतानाही, घरच्यांचा धीर घालवतो.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर स्कॅन हा ताळेबंद आहे. विशिष्ट तारखेची स्थिती तो अचूक सांगतो. व्यवसाय चढतो आहे की बुडतो आहे, हे एका ताळेबंदावरून कळत नाही.

तथापि साथीच्या पहिल्या काळात स्कॅनला निदानाचेच स्थान मिळाले, त्यालाही कारण होते. घशातील नमुन्याची आरटी-पीसीआर तपासणी सर्वत्र उपलब्ध नव्हती व तिचे उत्तर येण्यास वेळ लागे. चीनच्या हुबेई प्रांताने स्कॅन व लक्षणांवरून निदान झालेले रुग्ण मोजण्यास प्रारंभ केला तेव्हा १२ फेब्रुवारी २०२० या एका दिवसाच्या आकड्यात १४,८४० रुग्णांची भर पडली. त्यांपैकी १३,३३२ अशा रीतीने निदान झालेले होते. आपल्याकडेही परिस्थिती फार वेगळी नव्हती. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यातील पहिला रुग्ण खाडीपलीकडील गुहागर तालुक्यात आढळला. त्या वेळी जिल्ह्यातील नमुने मिरजेस पाठवावे लागत. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात प्रयोगशाळा सुरू झाली ती जून २०२० मध्ये. मुंबईहून चाकरमान्यांचे लोंढे गावी येत होते, शाळांतून विलगीकरण चालले होते, आणि नमुन्याच्या उत्तराची वाट पाहत बसलेल्या माणसास स्कॅनचा कागद तत्काळ हाती पडणे हा मोठा आधार वाटे. ११ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतील तपासणी वेळेवर मिळत असेल तर निदानासाठी छातीचे चित्र काढू नये, असा त्याचा रोख होता. विषाणू कोणता हे स्कॅन सांगत नाही. इन्फ्लुएन्झासारख्या अन्य विषाणूंनीही दुधी काच दिसू शकते.

पंचवीसपैकी किती

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोकणातील घराघरांत एक नवा शब्द पोचला : स्कोअर. उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन असे पाच खंड असतात. प्रत्येक खंडाचा किती भाग बाधित आहे, हे पाहून शून्य ते पाच गुण देतात. पाच टक्क्यांहून कमी भागास एक, पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक भागास पाच. पाच खंडांची बेरीज पंचवीसपैकी. परीक्षेच्या गुणांची सवय असलेल्या आपल्या समाजास ही पद्धत तत्काळ उमजली, मात्र येथे गुण जितके अधिक तितकी काळजी अधिक. शेजाऱ्याचा नऊ, मेव्हण्याचा चौदा, अशी तुलना दूरध्वनीवरून होऊ लागली.

ही गुणपद्धती निरुपयोगी आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गुण अधिक असलेल्या रुग्णांत गंभीर आजाराचे प्रमाण अधिक असते, आणि स्कॅन वाचणाऱ्या व उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकमेकांशी थोडक्यात बोलण्यास ती सोयीची आहे. पण एकट्या माणसाविषयी निर्णय घेताना ती पुरेशी नाही. पंचवीसपैकी पंधरा गुण असलेला, पण फुप्फुसे मुळात धडधाकट असलेला तरुण खाटेवर बसून पेज पीत असतो. आठ गुणांचा, पण वर्षानुवर्षे बिडी ओढलेला व मधुमेह असलेला वृद्ध तेवढ्याने ऑक्सिजनवर जातो. फुप्फुसाची शिल्लक ज्याची जितकी, तितके त्यास नुकसान सोसते. स्कॅनच्या गुणांत ही शिल्लक धरलेली नसते.

गुणांच्या आकड्यावरून औषध सुरू करण्याची जी प्रथा तेव्हा पडली, ती अधिक घातक होती. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाला. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने व केवळ ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना काहीही लाभ झाला नाही. तेव्हा औषध द्यावे की नाही, हे ठरविणारी गोष्ट ऑक्सिजनची गरज ही होय, स्कॅनचा आकडा नव्हे. असे असूनही सौम्य आजारात केवळ सहा-सात गुण पाहून स्टेरॉइड घेतले गेले. रक्तातील साखर वाढली. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे जे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, त्यांत मधुमेह व स्टेरॉइड यांचा संबंध वारंवार दिसून आला.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी ३ मे २०२१ रोजी सौम्य आजारात स्कॅन काढण्याविरुद्ध इशारा दिला. एक स्कॅन म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे, असे त्यांचे म्हणणे होते. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने त्यास तत्काळ हरकत घेतली आणि आधुनिक यंत्रांत किरणांची मात्रा त्याहून पुष्कळच कमी असते, असे सांगितले. मात्रेविषयी तज्ज्ञांत मतभेद असोत. विनाकारण स्कॅन नको, याविषयी मतभेद नव्हता. खर्चाचाही विचार होताच. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये छातीच्या स्कॅनचे कमाल दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० व ३,००० रुपये असे ठरवून दिले. त्यामुळे मनमानीस आळा बसला. पण दाभोळहून जाणाऱ्यास फेरीबोटीने धोपाव्यास उतरून पुढे गुहागरमार्गे, अथवा दापोली-खेडमार्गे चिपळूण गाठण्याचे भाडे त्या दरात नव्हते, आणि धाप लागलेल्या माणसास तेवढा प्रवास घडविण्यातील धोका तर कोणत्याच दरपत्रकात बसत नाही.

शरीर काय सांगते

या आजाराने वैद्यकीय जगास चकित केले ते एका लक्षणाच्या अभावाने. रक्तातील ऑक्सिजन ऐंशीच्या घरात उतरलेला, आणि रुग्ण मात्र दूरध्वनीवर बोलतो आहे, ‘मला काही होत नाही’ म्हणतो आहे, असे दृश्य सर्वत्र पाहण्यात आले. याचे स्पष्टीकरण असे की दम लागल्याची जाणीव आपल्या मेंदूस मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. कोरोनाच्या न्यूमोनियात सुरुवातीस फुप्फुसे लवचीक असतात, श्वास थोडा जलद होतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. ऑक्सिजन उतरतो, पण धोक्याची घंटा वाजत नाही.

ही घंटा बाहेरून वाजविण्याचे काम बोटावर लावावयाच्या छोट्याशा ऑक्सिमीटरने केले. त्यामागील तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शोधले. ज्या वर्षी त्यांच्या यंत्राची जगाला सर्वाधिक गरज लागली, त्याच वर्षी, १८ एप्रिल २०२० रोजी, ते निवर्तले. रक्ताचा रंग ऑक्सिजनप्रमाणे बदलतो. बोटातून दोन रंगांचा प्रकाश सोडून नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक तो किती शोषला जातो, यावरून आकडा निघतो.

आकडा वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बोट गार असेल, नखास रंग वा गडद मेंदी असेल, हात हलत असेल तर आकडा चुकू शकतो. नाडीचा आकडा स्थिर झाल्यावर अर्धा मिनिट थांबून वाचावे. सावळ्या त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन आहे त्याहून थोडा अधिक दाखवू शकते, असे अमेरिकेतील अभ्यासात २०२० मध्ये पुन्हा दिसून आले. आपल्या मच्छीमार बांधवांच्या, सतत पाण्यात राहून राठ झालेल्या बोटांवर काही वेळा आकडाच उमटत नाही. अशा वेळी बोट कोमट पाण्यात धरून कोरडे करून पुन्हा पाहावे किंवा दुसरे बोट घ्यावे. आणखी एक गोष्ट अशी की ९४ वरून ९० पर्यंतची उतरण आणि ९० च्या खालील उतरण सारखी नसते. नव्वदच्या खाली रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने कोसळतो. म्हणून घाटाच्या कड्यावर उभे राहून विचार करण्यापेक्षा अलीकडेच थांबणे बरे.

यंत्र नसेल तर श्वास मोजावेत. हे कोणासही जमण्यासारखे असून आम्हास या सर्व लेखातील सर्वांत उपयुक्त माहिती तीच वाटते. रुग्ण स्वस्थ पडलेला असताना, त्याला न सांगता, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट छाती वा पोट किती वेळा वर येते ते मोजावे. सांगून मोजले की श्वास बदलतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. निरोगी प्रौढ माणसाचे श्वास मिनिटास साधारणतः १२ ते २० असतात. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार श्वास मिनिटास २४ किंवा अधिक, अथवा ऑक्सिजन ९० ते ९३ असल्यास आजार मध्यम समजतात; श्वास ३० हून अधिक, अथवा ऑक्सिजन ९० च्या खाली असल्यास तीव्र. आपल्या राज्यात सहा मिनिटे चालण्याची चाचणीही सांगितली गेली. घरातल्या घरात सहा मिनिटे चालून ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, अथवा तीन-चार अंकांनी उतरला, तर डॉक्टरांकडे जावे. ज्यास बसल्या जागीच धाप आहे त्याने ही चाचणी करू नये.

बाकीची लक्षणे घरच्या माणसांच्या नजरेतून सुटत नाहीत, फक्त ती लक्षणे म्हणून ओळखता आली पाहिजेत. एक वाक्य पुरे करताना मध्येच थांबणे. श्वास घेताना मानेचे स्नायू ताणले जाणे. ओठ वा नखे निळसर होणे. पायऱ्या चढताना नव्हे तर आंघोळ करताना धाप लागणे. वयोवृद्ध माणसांत ताप नसूनही जेवण नाकारणे, असंबद्ध बोलणे, दिवसभर झोपून राहणे एवढेच दिसू शकते. ‘आजी सुस्त आहे’ या तीन शब्दांत न्यूमोनिया दडलेला असू शकतो. बहुतेक रुग्णांत ताप पहिल्या आठवड्यात असतो आणि श्वासाचा त्रास पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. ताप उतरला म्हणून निर्धास्त होण्याची वेळ व श्वास बिघडण्याची वेळ कित्येकदा एकच असते. नातेवाइकांनी दिवसांची मोजणी कागदावर लिहून ठेवावी, असा आमच्या परिचारिकांचा आग्रह असतो. वॉर्डात दाखल करताना ‘ताप केव्हा आला?’ या प्रश्नाला ‘तीन-चार दिवस झाले असतील’ हे उत्तर पुरेसे नाही.

चित्र व लक्षणे यांचा मेळ कसा जमतो, याचे एक उदाहरण देतो. स्कॅनमध्ये सूज पाठीकडील व खालच्या भागांत अधिक असते, हे वर सांगितलेच आहे. रुग्ण उताणा पडला की तेच भाग दबतात. त्यास पालथे झोपविले म्हणजे पाठीकडील भाग मोकळे होऊन त्यांत हवा जाऊ लागते व अनेकांचा ऑक्सिजन काही अंकांनी चढतो. एक पैशाचेही औषध नसलेला हा उपाय चित्र समजल्यामुळेच पटतो. गरोदर स्त्रिया व पाठीच्या कण्याचे रुग्ण यांना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पालथे झोपवू नये.

सर्वच डाग कोरोनाचे नसतात

साथीच्या काळात छातीतील प्रत्येक डाग कोरोनाचा ठरू लागला, याची किंमत क्षयरोग्यांनी मोजली. देशात २०१९ साली क्षयरोगाच्या २४.०४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली ती १८.०५ लाखांवर आली. रोग घटला नव्हता, नोंद घटली होती. आपल्या भागातून मुंबईस कामासाठी गेलेला, दाटीच्या खोलीत राहिलेला माणूस खोकला घेऊन गावी परततो, तेव्हा दोन्ही शक्यता समोर ठेवाव्या लागतात. क्षयाचा डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो, त्यात पोकळी पडू शकते, खोकला आठवड्यांचा असतो, वजन उतरते, संध्याकाळी अंगात कसर येते. कोरोनाचा डाग खाली व कडेला, आणि सारा प्रकार दिवसांचा. एक्स-रे शंका निर्माण करतो, निर्णय थुंकीच्या तपासणीने होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर, पूर्वी कोरोना झालेला असो वा नसो, थुंकीची तपासणी करून घ्यावी. शासकीय आरोग्य केंद्रात ती विनामूल्य होते.

जुन्या डागांविषयी विचारणाऱ्यांना सांगावयाचे ते असे. बहुतेक रुग्णांत दुधी काच काही आठवड्यांत ते महिन्यांत विरते. ज्यांचा आजार गंभीर होता, त्यांतील काहींच्या फुप्फुसात पट्टे राहतात. ब्रिटनच्या छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने रुग्णालयातून घरी गेलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांचा बारा आठवड्यांनी एक्स-रे काढण्याची शिफारस २०२० मध्ये केली. तो स्वच्छ असेल आणि माणूस पूर्वीसारखा चढ चढत असेल, तर पुन्हा पुन्हा स्कॅन काढून काही साध्य होत नाही. उलट चढ चढताना धाप कायम असेल, तर जुना स्कॅन कसाही असो, तपासणी अवश्य व्हावी. ओमिक्रॉन प्रकार २०२१ च्या अखेरीस आला तो फुप्फुसाच्या खोल भागापेक्षा श्वासनलिकांत अधिक वाढणारा होता, आणि तोवर लसीकरणही पुष्कळ झाले होते. त्यामुळे त्यानंतर असा न्यूमोनिया पुष्कळ कमी झाला. वृद्ध, मधुमेही व मूत्रपिंडाचे रुग्ण यांना तो अजूनही होऊ शकतो.

यंत्राच्या प्रश्नाविषयी

आता देणगीदारांच्या प्रश्नाकडे. सीटी स्कॅनचे यंत्र देणगीतून येऊ शकेल, याविषयी आम्हास शंका नाही. दाभोळकरांची दानत मोठी आहे, मुंबईकर मंडळींची तर विशेष. परंतु यंत्राची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, किरणरोधक भिंतींची खोली, अखंड वातानुकूलन, वार्षिक देखभालीचा करार, ठरावीक काळाने बदलावी लागणारी नळी, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि स्कॅन वाचणारा तज्ज्ञ, हे सारे प्रतिवर्षी लागते. शिवाय वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर दापोली व मंडणगड तालुक्यांतील कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. त्या दिवसांत उपयोगी पडणारी साधने म्हणजे ऑक्सिजनचे सिलिंडर, जनित्र, आणि बॅटरीच्या दोन सेलवर चालणारा ऑक्सिमीटर.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही अशी शिफारस ठेवली आहे की उपलब्ध निधीतून प्रथम खाटेपर्यंत नेता येणारे डिजिटल एक्स-रे यंत्र घ्यावे. त्याचे चित्र काही क्षणांत पडद्यावर दिसते, फिल्म धुण्याचा खटाटोप नाही, आणि ते दूरच्या तज्ज्ञास पाठवून त्याच दिवशी मत घेता येते. न्यूमोनियाच्या रुग्णाचा एक्स-रे दर दोन-तीन दिवसांनी पाहता येणे हे एकदाच काढलेल्या स्कॅनहून अधिक उपयोगाचे आहे, असे आमच्या डॉक्टरांचेही मत आहे. दुसरा खर्च ऑक्सिजनच्या वाहिनीच्या देखभालीचा. तिसरा अगदी किरकोळ : परिसरातील प्रत्येक वाडीत आशा कार्यकर्तीकडे एक चालू स्थितीतील ऑक्सिमीटर व त्याचे सेल. २०२१ मध्ये दान मिळालेली पुष्कळ यंत्रे आज सेल गळून निकामी झालेली आहेत. नवे यंत्र देण्याइतकेच सेल देणेही पुण्याचे काम आहे, जरी त्यावर देणगीदाराच्या नावाची पट्टी लावता येत नाही. ज्यांना स्कॅनची खरोखरच गरज आहे, म्हणजे गुठळीची शंका, उपचार चालू असूनही खालावणारी प्रकृती, किंवा एक्स-रेत न उलगडणारा डाग, अशांसाठी रुग्णवाहिका, सोबत परिचारिका व ऑक्सिजन यांची व्यवस्था ठेवावी, असेही शिफारशीत नमूद आहे. गरजू रुग्णांस त्या प्रवासाचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून देता येईल.

शेवटी जुन्या फिल्म जपणाऱ्यांसाठी. त्या टाकून देऊ नयेत. पुढे कधी खोकला वा धाप झाली तर आजचा डाग नवा की जुना, हे ठरविण्यास जुन्या फिल्मइतका भरवशाचा पुरावा नाही. आपल्याकडील पावसाळ्यात एकावर एक ठेवलेल्या फिल्म चिकटतात व सोडविताना चित्र निघून येते, म्हणून प्रत्येक दोन फिल्ममध्ये कोरा कागद घालावा, पिशवी उभी ठेवावी, आणि चुलीजवळच्या किंवा पत्र्याखालच्या तापणाऱ्या फळीवर ठेवू नये, कारण उष्णतेने त्या काळवंडतात. पाकिटावर तारखेबरोबर तो आजाराचा कितवा दिवस होता हेही लिहावे. तपासणीस येताना फिल्म व अहवालाचा कागद दोन्ही आणावेत.